अडले कुठे, ते बॉक्सनेच सांगावे

प्रति,
रेकॉर्डिंगची सोय असलेले सेट-टॉप बॉक्स बनवणाऱ्या आणि घरोघरी पुरवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय: रेकॉर्डिंग बॉक्स आणि घरचे इंटरनेट यांच्या जोडणीतला बिघाड ओळखण्याची सोय

टीव्हीवरचे कार्यक्रम साठवून ठेवणारा बॉक्स इंटरनेटला जोडला जातो तो पाच पायऱ्या चढून. पहिली पायरी म्हणजे तारेने किंवा वायफायने राउटरशी गाठ पडणे. दुसरी, राउटरकडून बॉक्सला पत्ता मिळणे. तिसरी, राउटरमधून घराबाहेर वाट सापडणे. चौथी, कंपनीच्या सर्व्हरचे नाव आकड्यांत उलगडणे. पाचवी, त्या सर्व्हरची खरी ओळख पटणे. यातली कोणतीही पायरी निसटली तरी पडद्यावर बहुधा एकच ओळ उमटते: ‘नेटवर्क उपलब्ध नाही’. उंदराने तार कुरतडली तरी तीच ओळ, इंटरनेटचे पैसे भरायचे राहिले तरी तीच, आणि बॉक्सचे घड्याळ चुकले तरी तीच. आपण कितव्या पायरीवर थांबलो हे बॉक्सला मात्र ठाऊक असते, कारण पायऱ्या तोच चढत असतो. यंत्राला ठाऊक असलेली गोष्ट घरातल्या माणसापर्यंत पोहोचत नाही, ही या पत्रातली तक्रार आहे. ती पोहोचवणे अवघड नाही, हे दिसावे म्हणून प्रत्येक पायरी, तिथे होणारा बिघाड आणि तो ओळखण्याची रीत पुढे क्रमाने मांडली आहे.

रेकॉर्डिंग यंत्र आणि बाहेरच्या जगाशी जोडणी यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत टिव्होचे पहिले बॉक्स ३१ मार्च १९९९ रोजी कंपनीतून बाहेर पडले, तेव्हा ते घरच्या टेलिफोनच्या तारेला जोडावे लागत. बॉक्स स्वतःच फोन लावून पुढच्या दिवसांचे कार्यक्रमपत्रक उतरवून घेई. बरेच दिवस फोन लागला नाही, तर पत्रक संपे आणि रेकॉर्डिंगही थांबे. भारतात २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला तेव्हा कार्यक्रमपत्रक उपग्रहाच्या संदेशाबरोबरच येत होते, म्हणून रेकॉर्डिंगसाठी वेगळी तार लागत नव्हती. पुढच्या काळात बॉक्सच्या पाठीमागे लॅनचे भोक आले, मग वायफाय आले. आज मागचे भाग पाहणे, मागणीनुसार चित्रपट लावणे आणि रेकॉर्ड केलेला कार्यक्रम मोबाइलवर घेणे ही कामे घरच्या इंटरनेटवरून चालतात. मोबाइलवरून दिलेली रेकॉर्डिंगची आज्ञा काही बॉक्सकडे उपग्रहावरून येते, तर काहींकडे इंटरनेटवरून.

म्हणून पहिला प्रश्न वाटेचा. बॉक्सकडे येणाऱ्या वाटा दोन. एक गच्चीवरच्या छत्रीतून, दुसरी राउटरमधून. भारतातली डीटीएच सेवा ज्या केयू पट्ट्यात चालते, तिथल्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. मुसळधार पावसात या लहरी थेंबांमध्ये शोषल्या जातात आणि विखुरतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात कोकणात आणि मुंबईत चित्र थिजणे, चौकोन चौकोन दिसणे, रेकॉर्डिंग मध्येच तुटणे हे प्रकार होतात. त्यात राउटरचा काहीही दोष नसतो. दोन वाटा वेगळ्या करायला तीन गोष्टी पाहणे पुरते. आधी साठवलेले रेकॉर्डिंग नीट चालत असेल, तर हार्ड डिस्क ठीक आहे. नेहमीचे चॅनेल दिसत असतील, तर छत्री ठीक आहे. हे दोन्ही ठीक असून फक्त इंटरनेटवरची यादी उघडत नसेल, तरच घरच्या नेटवर्ककडे वळावे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती न केल्यामुळे पावसातल्या बिघाडासाठी राउटर बदलला जातो आणि वायफायच्या बिघाडासाठी छत्री हलवली जाते.

दुसरी प्राथमिक गोष्ट विजेची. भारनियमनानंतर लाइट येते तेव्हा फायबरची डबी, राउटर आणि बॉक्स तिन्ही एकदम चालू होतात. फायबरची डबी आणि राउटर यांना पूर्ण जागे व्हायला काही मिनिटे लागतात. बॉक्स त्याआधी तयार झाला, तर तो पत्ता मागतो, उत्तर मिळत नाही, आणि काही बॉक्स पुन्हा विचारण्याचे कष्ट घेत नाहीत. अशा वेळी घरात मोबाइलला नेट मिळते आणि टीव्हीच्या बॉक्सला मिळत नाही. उपाय क्रमाचा आहे. आधी फायबरची डबी चालू करावी आणि तिचे दिवे स्थिर होऊ द्यावेत. मग राउटर, आणि त्याचे वायफाय मोबाइलवर दिसू लागले की शेवटी बॉक्स. बॉक्स बंद करताना रेकॉर्डिंग चालू नाही ना, हे आधी पाहावे. आत हार्ड डिस्क असते आणि ती लिहीत असताना बटण बंद केले, तर तो कार्यक्रम तर जातोच, डिस्कलाही इजा होऊ शकते. जिथे लाइट वारंवार जाते, तिथे डबी आणि राउटर यांना छोटा यूपीएस लावला की हा त्रास बराच कमी होतो.

आता पहिली पायरी: गाठ. ती तारेची असेल, तर सुरुवात तारेच्या टोकापासून करावी. लॅनच्या तारेच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकची पिन असते आणि तिच्या पाठीवर एक जिभली असते. पिन भोकात बसताना ‘टक्’ असा आवाज येतो तो या जिभलीचा. टीव्हीमागची धूळ झाडताना किंवा बॉक्स पुढे ओढताना जिभली तुटते. मग पिन बसलेली दिसते, पण केसभर मागे सरकलेली असते. बऱ्याच उपकरणांत भोकाजवळ छोटे दिवे असतात. दोन्ही टोकांना दिवा लागत नसेल, तर तार, पिन किंवा भोक यांपैकी काहीतरी खराब आहे. तीच तार राउटरच्या दुसऱ्या भोकात घालून पाहावी, मग दुसरी तार लावून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कुणाचा ते कळते.

तारेत आठ बारीक वायरी असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, १००० मेगाबिटला चारही लागतात. म्हणून एखादी जोडी तुटली तर जोडणी बंद पडेलच असे नाही. ती कमी वेगावर चालू राहू शकते आणि दोष लपून राहतो. अशा तारेची लांबी नियमाने १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरातल्या घरात लांबीची अडचण येत नाही. अडचण येते ती दाराच्या फटीत चेपलेल्या, खिळ्याने ठोकलेल्या किंवा उंदराने कुरतडलेल्या जागी.

काही जण टीव्हीच्या जाड गोल तारेवरूनच नेट नेण्याचा विचार करतात. अमेरिकेत केबल टीव्हीच्या घरांत मोका नावाच्या पद्धतीने हे सर्रास केले जाते. पण छत्रीकडून येणाऱ्या तारेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरात असतो, आणि मोका साधारणपणे ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ वापरते. दोन्ही एकाच तारेवर आले की एकमेकांच्या अंगावर येतात. म्हणून छत्रीच्या तारेवर हा प्रयोग करू नये.

गाठ वायफायची असेल, तर बॉक्सची जागा आधी पाहावी. बॉक्स बहुधा टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटाच्या खणात, वर देवाची तसबीर आणि बाजूला स्टीलचा शोपीस अशा जागी असतो. राउटर असतो दाराजवळ, जिथून फायबर आत आले तिथे. मध्ये सिमेंट-सळईच्या एक-दोन भिंती येतात. मोबाइल हातात घेऊन सोफ्यावर पाहिलेली रेंज इथे उपयोगाची नाही. मोबाइल बॉक्सच्या शेजारी, त्याच खणात ठेवून रेंज पाहावी.

वायफायचे रूढ पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती तुलनेने बऱ्या ओलांडतो, पण त्यात गर्दी फार. शेजारच्या घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा तिथेच असतात. या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. इमारतीत वीस राउटर असतील, तर ते या तीन मार्गांवर दाटीवाटीने बसतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळीक आहे. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. मात्र त्याच्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात. शिवाय जुने बॉक्स फक्त २.४ ओळखतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असले की अशा बॉक्सची कधी कधी गफलत होते. दोन पट्ट्यांना दोन नावे दिली की बॉक्स कुठे जोडला आहे हे तरी कळते.

सुरक्षेची पद्धतही तपासण्याजोगी. डब्ल्यूपीए ३ ही पद्धत २०१८ मध्ये आली. तिच्या आधीचे बॉक्स डब्ल्यूपीए २ वर चालतात. नवा राउटर आणला आणि त्यात फक्त डब्ल्यूपीए ३ निवडलेले असले, तर जुना बॉक्स बरोबर पासवर्ड देऊनही बाहेरच राहतो आणि पडद्यावर ‘पासवर्ड चुकीचा’ असेही दिसू शकते. राउटरमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालतील असा पर्याय निवडावा. वायफायच्या नावाबाबतही एक बारीक गोष्ट आहे. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. म्हणजे देवनागरी नाव दहा चिन्हांत संपते, आणि जुन्या बॉक्सच्या पडद्यावर ते चौकोन होऊन उमटू शकते. नाव मराठीत असावे ही हौस योग्यच आहे. ती पुरवण्याची जबाबदारी बॉक्सच्या सॉफ्टवेअरची आहे.

या पायरीसाठी एक सोपी चाचणी सांगता येते. मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करून बॉक्स त्याला जोडून पाहावा. जोडला गेला, तर बॉक्सचे वायफाय चांगले आहे आणि दोष राउटरमध्ये, त्याच्या सेटिंगमध्ये किंवा अंतरात आहे. हॉटस्पॉटलाही जोडला जात नसेल, तर बॉक्सकडे पाहावे.

दुसरी पायरी: पत्ता. घरातल्या नेटवर्कमध्ये प्रत्येक उपकरणाला आकड्यांचा पत्ता लागतो आणि तो सहसा राउटर वाटतो. घरगुती पत्ते ठरलेल्या तीन गटांतले असतात. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे, आणि १७२.१६ ते १७२.३१ या दरम्यानचे. बॉक्सच्या नेटवर्कच्या पानावर असा पत्ता दिसला, तर ही पायरी बहुधा पार पडली असे समजावे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर अर्थ वेगळा. राउटरकडून उत्तर न आल्याने बॉक्सने स्वतःच काढलेला तो तात्पुरता पत्ता असतो आणि त्यावरून घराबाहेर जाता येत नाही. हे चार आकडे एका दृष्टिक्षेपात निदान करून देतात. पण ते ‘सेटिंग’, ‘सिस्टम’, ‘प्रगत माहिती’ अशा तीन-चार पडद्यांच्या आड दडलेले असतात आणि त्यांचा अर्थ तिथे लिहिलेला नसतो.

पत्त्याचा आणखी एक घोळ जुन्या घरांत सापडतो. कधीतरी आलेल्या तंत्रज्ञाने बॉक्समध्ये पत्ता हाताने भरून ठेवलेला असतो, समजा १९२.१६८.१.५०. पुढे राउटर बदलतो. नवा राउटर १९२.१६८.० या गटातले पत्ते वाटतो. घरातली बाकी सगळी उपकरणे नव्या गटात जातात आणि बॉक्स एकटाच जुन्या गटात राहतो. किंवा राउटर तोच पत्ता दुसऱ्या मोबाइलला देतो आणि मग दोघांपैकी कधी एकाचे चालते, कधी दुसऱ्याचे. बॉक्समध्ये पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय ठेवणे हा उपाय. कायमचा एकच पत्ता हवा असेल, तर तो बॉक्समध्ये न भरता राउटरमध्ये बॉक्सच्या नावे राखून ठेवावा.

तिसरी पायरी: घराबाहेरची वाट. इथे फायबरच्या डबीवरचे दिवे बोलतात. ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल, तर फायबरची जोडणी चालू आहे. ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर डबीपर्यंत प्रकाश पोहोचत नाही. फायबर कुठेतरी दुमडली आहे, तुटली आहे किंवा खांबावरून निसटली आहे. त्या वेळी बॉक्स कितीही वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही, इंटरनेटवाल्याला बोलवावे लागेल. दिवे ठीक असूनही नेट नसेल, तर महिन्याचे पैसे भरले आहेत का, हे पाहावे. काही स्थानिक इंटरनेटवाले मुदत संपली की किंवा दर वेळी जोडताना लॉगिनचे पान पुढे करतात. मोबाइलवर आणि संगणकावर ते पान उघडते. बॉक्सला ते दाखवता येत नसेल, तर तो दारातच उभा राहतो. अशा ठिकाणी लॉगिन राउटरमध्येच भरून ठेवावे लागते.

याच पायरीवर दोन राउटरचा गोंधळ होतो. इंटरनेटवाल्याच्या डबीतच राउटर असतो आणि रेंज वाढावी म्हणून घरच्यांनी दुसरा आणलेला असतो. बॉक्स पहिल्याला जोडलेला, मोबाइल दुसऱ्याला. दोघांनाही इंटरनेट मिळते, पण मोबाइलमधल्या अ‍ॅपला बॉक्स सापडत नाही, कारण शोधाची हाक एका राउटरची हद्द ओलांडून दुसऱ्यात जात नाही. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर मोबाइल असला तरी हेच घडते. दोन्ही उपकरणे एकाच नावाच्या वायफायवर आणावीत, किंवा दुसरा राउटर नुसता रेंज वाढवण्याच्या रीतीवर ठेवावा. परदेशात असलेल्या मुलाने घरच्या बॉक्सपर्यंत थेट वाट काढण्याचा प्रयत्न केला, तर आणखी एक भिंत आडवी येते. अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा पत्ता दिसला, तर घर अशा व्यवस्थेत आहे आणि बाहेरून थेट आत येता येणार नाही. तिथे कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारे अ‍ॅपच उपयोगी पडते.

चौथी पायरी: नाव उलगडणे. सर्व्हरची नावे माणसांच्या सोयीची असतात. यंत्राला आकडे लागतात. नावावरून आकडा सांगण्याचे काम डीएनएस करते. इंटरनेटवाल्याचा डीएनएस बंद पडला की नेट असूनही काहीच उघडत नाही, आणि अर्धवट चालला की काही गोष्टी उघडतात, काही नाहीत. राउटरमध्ये दुसरा सार्वजनिक डीएनएस भरून पाहता येतो. गूगलचा ८.८.८.८ हा २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८ पासून सर्वांना खुला आहे. बदल केल्यावर बॉक्स चालू लागला, तर दोष याच पायरीवर होता.

पाचवी पायरी: ओळख. सर्व्हर खरा आहे याची खात्री बॉक्स एका डिजिटल प्रमाणपत्रावरून करतो आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. मुदत तपासायला बॉक्सचे घड्याळ बरोबर असावे लागते. घड्याळात चुकून दहा वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेले’ वाटते आणि तो जोडणी नाकारतो. याच्या उलटही घडते. बॉक्समध्ये साठवलेल्या मूळ प्रमाणपत्राचीच मुदत संपते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी इंटरनेटवर मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे असे एक मूळ प्रमाणपत्र संपले आणि सॉफ्टवेअर अद्ययावत न झालेली अनेक जुनी उपकरणे चांगल्या इंटरनेटवरही सुरक्षित जोडणी करेनाशी झाली. अशा बिघाडात घरातल्या माणसाच्या हातात काहीच नसते. तार, राउटर, पासवर्ड, सगळे बरोबर असते. हा बिघाड दुरुस्त करणे सर्वस्वी कंपनीकडे असते. छत्रीची वाट उघडी असल्यामुळे नवे सॉफ्टवेअर त्या वाटेने पाठवताही येते.

जोडणी आहे पण संथ आहे, ही तक्रार वेगळी मोजावी लागते. हाय डेफिनिशनचे रेकॉर्डिंग सेकंदाला ८ मेगाबिट धरले, तर एका तासाचा कार्यक्रम सुमारे ३.६ गिगाबाइट होतो. वायफायचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २० मेगाबिट मिळत असेल, तर तो कार्यक्रम मोबाइलवर घ्यायला २४ मिनिटे लागतात. हा बिघाड नाही, हिशेब आहे. हे काम घरातल्या घरात चालते, त्यामुळे इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन त्यात एका मिनिटाचाही फरक पडत नाही. फरक पडतो बॉक्स तारेने जोडल्यावर किंवा राउटर जवळ आणल्यावर. पडद्यावर ‘सुमारे २४ मिनिटे लागतील’ एवढे लिहिले असते, तर बॉक्स अडकला आहे असे समजून कुणी मध्येच बटण बंद केले नसते.

या सगळ्या पायऱ्यांना वळसा घालून ग्राहक सेवेच्या फोनवर वारंवार दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘रीसेट करा’. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रीस्टार्टने बॉक्स बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि साठवलेले सगळे जागेवर राहते. फॅक्टरी रीसेटने अनेक बॉक्समध्ये हार्ड डिस्क पुसली जाते. घरातल्या आजीने जपलेला एखादा कार्यक्रम, शाळेच्या समारंभाची स्थानिक वाहिनीवर दाखवलेली दृश्ये, गेलेल्या कलावंताची मुलाखत, हे सगळे एका बटणात जाते. डीटीएचच्या बॉक्समधली रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद स्वरूपात आणि त्याच बॉक्सशी बांधलेली असतात, म्हणून त्यांची दुसरी प्रत घरात कुठेही नसते. राउटरच्या एका चुकीच्या सेटिंगपायी अशा गोष्टी पुसल्या जाव्यात, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. नेटवर्कची तक्रार असताना फॅक्टरी रीसेट सुचवणे थांबले पाहिजे.

वरच्या क्रमातून कंपन्यांनी करायच्या गोष्टी सरळ निघतात.

एक. बॉक्समध्ये जोडणी तपासण्याचे एक पान असावे आणि रिमोटच्या एका बटणावर ते उघडावे. पाचही पायऱ्या त्यावर ओळीने असाव्यात आणि जिथे अडले ती ओळ ठळक दिसावी. ‘राउटरशी जोडले, पण पत्ता मिळाला नाही’ असे एक वाक्य आजच्या ‘नेटवर्क उपलब्ध नाही’पेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

दोन. ते पान मराठीत असावे. कार्यक्रमांची नावे ज्या पडद्यावर देवनागरीत येतात, त्या पडद्यावर बिघाडही देवनागरीत सांगता येतो.

तीन. शेवटची यशस्वी जोडणी कधी झाली, त्याची तारीख आणि वेळ त्या पानावर असावी. काल रात्री लाइट गेल्यापासून की गेल्या महिन्यात राउटर बदलल्यापासून, हे त्यावरून लगेच कळते.

चार. नेटवर्कचे रीसेट आणि संपूर्ण बॉक्सचे रीसेट ही दोन वेगळी बटणे असावीत. दुसऱ्या बटणावर किती तासांचे रेकॉर्डिंग पुसले जाईल तो आकडा आधी दाखवावा.

पाच. पत्ता मिळाला नाही, तर बॉक्सने थोड्या थोड्या वेळाने पुन्हा मागत राहावे. लाइट आल्यानंतरच्या तक्रारींपैकी बऱ्याच यानेच मिटतील.

सहा. मूळ प्रमाणपत्रे आणि घड्याळ यांची दुरुस्ती छत्रीच्या वाटेनेही होत राहावी, म्हणजे इंटरनेटची वाट बंद असतानाही बॉक्स बरा होऊ शकेल.

सात. ग्राहक सेवेतल्या माणसाने पहिला प्रश्न ‘त्या पानावर कोणती ओळ ठळक दिसते?’ असा विचारावा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतोच. त्या क्रमांकाबरोबर अडलेली पायरी नोंदली गेली, तर तीच तक्रार दुसऱ्यांदा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही आणि छत्रीचा माणूस वायफायच्या कामाला येणार नाही.

या सातपैकी एकाही गोष्टीसाठी नवे यंत्र घरात आणावे लागत नाही. पायऱ्यांची माहिती बॉक्सकडे आजही आहे, ती दाखवायला पडदा समोरच आहे, आणि नवे सॉफ्टवेअर पोहोचवायची वाट गच्चीवरून आत आलेली आहे. पुढच्या अद्ययावत आवृत्तीत एक पान आणि पाच मराठी वाक्ये वाढवावीत, ही विनंती. बॉक्सला जे कळते, ते घरातल्या माणसालाही कळावे.

कळावे,
रेकॉर्डिंग बॉक्सचे एक ग्राहक